खाडीतल्या प्लॉटचा नकाशा पायथनमध्ये कसा काढायचा आणि पॉइंट समुद्रात का जातात

प्रोजेक्ट रिपोर्ट असो नाहीतर पेपर, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अभ्यासक्षेत्राचा नकाशा लागतोच, आणि निम्मे लोक गूगल मॅपचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर लाल गोल काढून वेळ मारून नेतात. मीही नेलीय, लाजायचं काय त्यात. पण रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीत, म्हणजे काजळी नदीच्या तोंडाशी, आम्ही तिघींनी कांदळवनाचे बारा प्लॉट आखले तेव्हा गाइड म्हणाले की स्केल कुठाय, उत्तर दिशा कुठाय, क्षेत्रफळ किती, आणि मग नाइलाजाने पायथन उघडलं. त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय. कमांडची नावं मी मराठी कीबोर्डवरून उच्चाराप्रमाणे लिहिलीत, तुम्ही टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरात टाका.

इन्स्टॉलचं फार बोलत नाही. पूर्वी विंडोजवर जीडाल, म्हणजे नकाशाच्या फायली वाचणारी लायब्ररी, बसवताना रडू यायचं, आता जिओपांडाज पायथनच्या साध्या पिप कमांडने बसतं. लॅपटॉप जुना असेल तर गूगल कोलॅब वापरा, ब्राउझरमध्येच सगळं चालतं, फक्त नेट पाहिजे. जिओपांडाज (पॉइंट आणि हद्दी), रास्टेरिओ (सॅटेलाइट इमेज), मॅटप्लॉटलिब (नकाशा काढणं), कॉन्टेक्स्टिली (मागचा तयार नकाशा) आणि फोलियम (ब्राउझरमधला नकाशा) एवढ्या पाच गोष्टींवर काम भागतं.

खरं काम लॅपटॉपवर सुरू होतच नाही, ते चिखलात सुरू होतं. फोनचा जीपीएस उघड्यावर साधारण ३ ते ५ मीटर चुकतो, आणि तिवरांच्या दाट झाडीखाली त्याहून जास्त. म्हणून पॉइंट घेताना लगेच बटण दाबून पुढे जाऊ नका, मिनिटभर थांबा, ॲपमध्ये अचूकतेचा आकडा खाली येऊ द्या, आणि तो आकडासुद्धा वहीत लिहा. फोटोवरून लोकेशन काढायचं डोक्यात असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्यातली जीपीएसची माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमच्या पहिल्या दिवसाचे चाळीस फोटो असेच कोरडे झाले.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. वहीत मी अक्षांश १६ अंश ५९ मिनिटं ३० सेकंद आणि रेखांश ७३ अंश १८ मिनिटं असं लिहिलं होतं, आणि रात्री झोपेत एक्सेलमध्ये भरताना सरळ १६.५९३० आणि ७३.१८ टाकलं. दिसायला बरोबरच दिसतं ना? पण मिनिटाला ६० ने आणि सेकंदाला ३६०० ने भागायचं असतं, म्हणजे खरा आकडा १६.९९१७ आणि ७३.३०. त्या एका चुकीने माझा प्लॉट जवळजवळ ४४ किलोमीटर दक्षिणेला आणि १३ किलोमीटर पश्चिमेला सरकला, म्हणजे थेट जैतापूरसमोर भर समुद्रात. कांदळवन तिथे नाही एवढं मला कळतं, पायथनला कळत नाही, त्याने मुकाट्याने ठिपका काढला. म्हणून फोनच्या ॲपमध्ये पहिल्यांदा सेटिंगला जाऊन डेसिमल डिग्री करून घ्या, भानगडच नको.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल, साधी ठेवा. प्लॉट नंबर, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, अचूकता, शेरा. वेळ का हवी ते पुढे सांगते, पण ती हवीच. मराठीत शेरे लिहिले असतील तर एक्सेलमधून सेव्ह करताना यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं दिसतील.

मग पांडाजच्या 'रीड_सीएसव्ही'ने फाइल वाचायची आणि जिओपांडाजच्या 'पॉइंट्स_फ्रॉम_एक्सवाय'ने पॉइंट बनवायचे. इथे आधी एक्स, म्हणजे रेखांश, मग वाय, म्हणजे अक्षांश. आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो म्हणून हात आपोआप उलटा जातो. उलटं टाकलंत तर रत्नागिरी जाते नॉर्वेच्या उत्तरेच्या थंड समुद्रात, आणि गंमत म्हणजे फोलियममध्ये बरोबर उलट आहे, तिथे आधी अक्षांश लागतो. दोन्ही एकाच नोटबुकमध्ये वापरताना मी वर कमेंट लिहूनच ठेवते.

पॉइंट झाले की त्यांना सांगायचं की तुमचे आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत. याला सीआरएस म्हणतात आणि नव्वद टक्के डोकेदुखी इथेच असते असं माझं मत आहे. प्रत्येक पद्धतीला ईपीएसजी नावाच्या यादीत एक नंबर असतो, जीपीएसचे अंशातले आकडे म्हणजे ईपीएसजी ४३२६. ते सांगायला 'सेट_सीआरएस'. मग मीटरमध्ये न्यायला 'टू_सीआरएस', आणि आपल्या अख्ख्या कोकण किनाऱ्यासाठी नंबर आहे ३२६४३, म्हणजे यूटीएमचा (जगाचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजायची पद्धत) ४३ वा झोन, जो ७२ ते ७८ रेखांशापर्यंत असतो. फरक नीट समजून घ्या. 'सेट' म्हणजे नुसती पाटी लावणं, आकडे आहेत तसेच राहतात, आणि 'टू' म्हणजे आकडे खरोखर बदलणं. अंशातल्या आकड्यांवर थेट 'सेट' करून ३२६४३ ची पाटी लावलीत तर एररसुद्धा येत नाही, फक्त तुमचे बाराच्या बारा प्लॉट एकमेकांपासून मिलिमीटरच्या अंतरावर, विषुववृत्ताजवळ कुठेतरी जाऊन बसतात.

बरोबर झालंय का ते बघायला एक सोपी खूण. रूपांतर झाल्यावर भाट्याच्या आसपासचा एक्स ३ लाख १९ हजारांच्या जवळपास आणि वाय १८ लाख ७९ हजारांच्या जवळपास दिसायला हवा. झोनची मधली रेषा ७५ रेखांशावर आहे, तिला ५ लाख धरतात, आणि रत्नागिरी तिच्या साधारण १८० किलोमीटर पश्चिमेला. योगायोग असा की यूटीएममध्ये नकाशावरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर जवळपास तंतोतंत जुळतं ते नेमकं एवढ्याच अंतरावर, म्हणजे रत्नागिरीकरांना हा झोन मापात शिवून मिळालाय.

क्षेत्रफळ मात्र कधीही ३८५७ मध्ये काढू नका. ते वेब मर्केटर, गूगल मॅपसारख्या टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, ज्यात असतात ते. बघायला छान, मोजायला खोटं. आपल्या १७ अंशावर ते क्षेत्रफळ साधारण ९ टक्के जास्त दाखवतं, म्हणजे १० हेक्टर कांदळवन सरळ ११ च्या घरात जातं. वनखात्याच्या माणसासमोर असा आकडा ठेवून बघा काय होतं.

हद्दींबद्दल. जिल्हा-तालुक्यांच्या फायली नेटवर बऱ्याच फिरतात, पण आधी ती किती जुनी आहे ते बघा, कारण २०१४ च्या आधीच्या फाइलमध्ये पालघर जिल्हाच नाही, तो ठाण्यात आहे. आणि कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात भारताची बाह्यरेषा दाखवायची असेल तर परदेशी फुकट फायलींमध्ये जम्मू-काश्मीर आपल्या अधिकृत नकाशासारखं नसतं, त्यामुळे सर्व्हे ऑफ इंडियाची हद्द घ्या, नाहीतर रिपोर्ट परत येतो. जुन्या ट्युटोरियलमध्ये जिओपांडाजच्या आतलाच जगाचा नकाशा वापरलेला दिसेल, तो १.० व्हर्जनपासून काढून टाकलाय, तिथे एरर आली तर तुमचं काही चुकलेलं नाही.

शेप फाइल, म्हणजे हद्दी-पॉइंट साठवायचा जुना प्रकार, कुणाला पाठवायची तर नुसती एसएचपी पाठवू नका, तिच्यासोबत एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे ही पिल्लं जायलाच हवीत. त्यापेक्षा जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा, सगळं एका फाइलमध्ये मावतं आणि कॉलमचं नाव दहा अक्षरांवर तुटत नाही.

ओपन स्ट्रीट मॅपवरून रस्ते, पूल, नद्या मिळतात, ओएसएमएनएक्स नावाच्या पॅकेजने थेट ओढता येतात. किनारा घेताना एवढं लक्षात ठेवा की तो रेघ म्हणून येतो, भरलेला आकार म्हणून नाही, त्यामुळे समुद्राला निळा रंग द्यायला गेलात की जमत नाही. नियम असा आहे की रेघेच्या दिशेने चालताना जमीन डाव्या हाताला असते, म्हणजे आपला किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे काढलेला असतो. हे माहीत असलं की रेघ चौकटीने कापून, तुकडे करून समुद्र कुठला ते ठरवता येतं. घाई असेल तर सरळ कॉन्टेक्स्टिलीचं 'ॲड_बेसमॅप' वापरा, त्याला तुमचा सीआरएस सांगा, ते टाइल वाकवून बसवतं. खालचं श्रेय मात्र खोडू नका, ते ठेवायची अटच आहे.

आता सॅटेलाइट. सेंटिनल-२ या युरोपियन उपग्रहाचा डेटा फुकट आहे, १० मीटरचा पिक्सेल आहे, आणि कोपर्निकसच्या साइटवर खातं उघडलं की मिळतं. आपल्याकडची फाइल आधीच ३२६४३ मध्ये येते, तेवढंच एक सुख. जून ते सप्टेंबर विसरा, ढगच ढग. मी मार्च-एप्रिल पसंत करते, धूसर असलं तरी, कारण तोपर्यंत सडा, म्हणजे कातळाचं पठार, करपून तपकिरी झालेला असतो आणि खाडीकाठचं कांदळवन तेवढं हिरवंगार उठून दिसतं. आंब्याची कलमं आणि माडाच्या वाड्यासुद्धा हिरव्याच असतात, तिथे घोळ होतो. कलमं बहुतेक वर उतारावर असल्यामुळे उंचीच्या डेटाने, म्हणजे १० मीटरच्या वरचं सगळं काढून टाकून, बरीचशी गाळता येतात. माड मात्र खाडीलाच चिकटून असतात, ते डोळ्यांनी बघून हातानेच काढावे लागतात, त्याला शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

रास्टेरिओने बँड ४ म्हणजे लाल आणि बँड ८ म्हणजे अवरक्त वाचायचे, 'मास्क'ने आपल्या चौकटीपुरते कापायचे आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ किती ते सांगणारा आकडा, काढायचा, आठमधून चार वजा करून दोघांच्या बेरजेने भागायचं. सोपं वाटतं ना, इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडले. पहिला असा की फाइलमधले आकडे ऋण नसलेले पूर्णांक असतात. पाण्यावर अवरक्त कमी असतं, समजा १०० आणि लाल २००, वजाबाकी उणे १०० यायला हवी, पण त्या प्रकारात उणे बसतच नाही म्हणून ती फिरून ६५४३६ होते, भागिले ३००, उत्तर २१८. एनडीव्हीआय १ च्या वर जाऊच शकत नाही आणि माझ्या खाडीत २१८! वाचल्या-वाचल्या आकडे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आणि उणे चालणाऱ्या प्रकारात, करून घ्या. दुसरा खड्डा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनलच्या आकड्यांत १००० ची भर घातलेली असते, ती वजा करायची असते. समजा खरं अवरक्त ३००० आणि लाल ५००, तर एनडीव्हीआय ०.७१ येतो. भर तशीच ठेवलीत तर ४००० आणि १५००, उत्तर ०.४५. म्हणजे २०२१ ची आणि २०२३ ची इमेज शेजारी ठेवून तुम्ही कांदळवन झपाट्याने मरतंय असा निष्कर्ष काढणार आणि झाडं तिकडे मजेत उभी असणार. काही साइट ही भर आधीच वजा करून देतात, त्यामुळे डाउनलोडच्या पानावरचं बारीक वाचा आणि दोनदा वजा करू नका.

क्षेत्रफळ सोपं आहे, एक पिक्सेल १०० चौरस मीटर, म्हणून १०० पिक्सेल म्हणजे १ हेक्टर. पण आमचा प्लॉटच १० बाय १० चा, म्हणजे एक पिक्सेल, आणि जीपीएस ५ मीटर चुकणार, तर हा प्लॉट नेमका याच पिक्सेलवर आहे असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. आम्ही शेजारचे मिळून नऊ पिक्सेल घेऊन सरासरी काढली.

आणि आता वेळेचं. आमचा सात नंबरचा प्लॉट सगळ्या नकाशांत पाण्यात दिसत होता. आकडे तपासले, सीआरएस तपासला, सगळं बरोबर. प्लॉटवर तर आम्ही गुडघाभर चिखलात उभं राहून चिपीची झाडं मोजलेली, फोटो आहेत. शेवटी होडीवाल्या मामांना फोनवर इमेज दाखवली तर ते म्हणाले, "अगो, ही भरतीची असेल, तिथी काय होती?" मी तारीख सांगितली, त्यांनी कॅलेंडर काढलं, पौर्णिमा. मग त्यांनी हिशोब सांगितला जो किनाऱ्यावर जुन्या माणसांना पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, भरती पूर्ण व्हायची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा पाणी चढलेलं असणार.

माझं डोकं तिथेच हललं, कारण सेंटिनल-२ आपल्यावरून रोज वेगवेगळ्या वेळी जात नाही, तो नेहमी सकाळी अकराच्या सुमारासच जातो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या इमेजमध्ये कायम उधाणाची भरती दिसणार. सप्तमीला बघा, सात पाऊण सव्वापाच, भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी सहा-सव्वासहा तासांनी साडेअकराच्या आसपास. चिखलाचा पट्टा बघायचा तर सप्तमी-अष्टमीच्या जवळची इमेज शोधायची. त्यातही मेख अशी की तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो, पाणी फार खाली उतरत नाही. उधाणाची खोल ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी होते, त्या वेळी सेंटिनल इकडे नसतोच. म्हणून सगळ्यात खालचा चिखल या इमेजमध्ये कधीच पूर्ण उघडा दिसत नाही, आणि रिपोर्टमध्ये ते तसं लिहायला हवं.

तेव्हापासून मी इमेजच्या यादीत तिथीचा कॉलम घालते. हा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघा. पण दोनशे इमेजमधून चाळून वीस काढायला पाऊणपट पुरते. पाणी ओळखायला एनडीडब्ल्यूआय वापरा, त्यात हिरव्यातून, म्हणजे बँड ३ मधून, अवरक्त वजा करून दोघांच्या बेरजेने भागायचं. भरतीच्या आणि ओहोटीच्या दोन्ही इमेजवर काढलंत की मधला जो पट्टा एकीत पाणी आणि दुसरीत जमीन येतो, तोच भरती-ओहोटीचा पट्टा, आणि आमचा सात नंबर बरोबर त्यात.

राहिलं छापणं. पॉइंट ३२६४३ मध्ये असतील तर स्केलबार सरळ लागतो, मॅटप्लॉटलिब-स्केलबार नावाचं छोटं पॅकेज आहे, त्याला १ दिलं की झालं, कारण एकक मीटरच आहे. उत्तरेचा बाण 'ॲनोटेट'ने काढा, शोभेचा नको. रंगांचं म्हणाल तर लाल-हिरवा टाळा, आणि प्लॉटना रंगाबरोबर आकारही वेगळा द्या, कारण शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळं काळं-पांढरंच होणार आहे.

मराठी नावं लिहिताना मात्र दोन पायऱ्या चुकतात. आधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल दिलात की चौकोन जातात, पण मग 'रत्नागिरी'तला त पाय मोडून उभा राहतो आणि गि ची वेलांटी ग च्या मागे जाऊन बसते, कारण माझ्या मशीनवरच्या मॅटप्लॉटलिबला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. यात मी दोन रात्री घालवल्या. उपाय असा निघाला की सेव्ह एसव्हीजीमध्ये करायचं आणि त्याआधी 'एसव्हीजी.फॉन्टटाइप'ला 'नन' द्यायचं, मग अक्षरं चित्र न होता मजकूर म्हणूनच राहतात, ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केपमध्ये उघडली की 'रत्नागिरी' नीट दिसतं, आणि तिथून पीडीएफ काढायची. फॉन्ट त्या मशीनवर असायला हवा एवढंच.

कुणाला फोनवर दाखवायचं असेल तर फोलियम बरं, एक एचटीएमएल फाइल तयार होते, व्हॉट्सॲपवर जाते, बोटांनी मोठं करून बघता येतं, आणि मराठी अक्षरं ब्राउझर स्वतः जुळवतो. मी ती मामांना पाठवली. त्यांनी सात नंबरवर बोट ठेवून विचारलं की हे सात काय, या वळणाला नाव आहे. मग बसून बाराही जागांची नावं विचारून घेतली, दोन ठिकाणी त्यांचं आणि मामींचं जमेना, तिथे दोन्ही लिहिली, आणि सीएसव्हीत प्लॉट नंबरच्या शेजारी 'गावातलं नाव' असा एक कॉलम वाढवला.